सातच्या आत

आमच्या रात्रशाळेची घंटा साडेसहाला होते. त्या वेळी वर्गात चार-पाचच मुलं असली तरी मी शिकवायला सुरुवात करते. बाकीची सातला, सव्वासातला, कधी आठलाही येतात. दारात थांबून "येऊ का, बाई?" म्हणतात, आणि त्यांच्याआधी त्यांच्या कामाचा वास आत येतो. ऑइलपेंटचा, फिनेलचा, तळणीच्या तेलाचा, नव्या कापडाच्या खळीचा. १९९९च्या जूनमध्ये लालबाग-परळच्या या भागात मी गणित शिकवायला लागले, तेव्हा मुलांची नावं पाठ होण्याआधी मला त्यांचे वास पाठ झाले होते.

इमारत पालिकेच्या प्राथमिक शाळेची आहे. बाकं लहान मुलांच्या मापाची. दिवसभर पोती उचलून आलेला सोळा वर्षांचा मुलगा त्या बाकावर बसला की त्याचे गुडघे छातीशी येतात. फळ्याच्या कोपऱ्यात सकाळच्या बाईंनी लिहिलेला सुविचार असतो. तेवढी जागा सोडून आम्ही लिहितो.

शाळेच्या हजेरीपटात हजर की गैरहजर एवढंच लिहायची सोय आहे. मला ते पुरेना, म्हणून तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून मी स्वतःची एक दोनशे पानी वही ठेवू लागले. कोण किती वाजता आलं, तेवढंच तिच्यात लिहायचं. अशा कितीतरी वह्या आता साठल्यात. कुठलीही चाळली की बाजाराचं सगळं वर्ष दिसतं. श्रावणात बरी हजेरी. गणपतीत कोकणातली मुलं गावाला आणि उरलेली दुकानात. दिवाळीआधीचे पंधरा दिवस वर्ग जवळजवळ रिकामा. लग्नसराईत केटररकडची मुलं येतात ती जागून लाल झालेले डोळे घेऊन. आणि मग मार्च. दहावीची बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये, आणि दुकानांचा मार्च एंडिंगचा माल मोजायचा तोही मार्चमध्येच. बीजगणिताच्या पेपरच्या आदल्या रात्री साडेदहापर्यंत खिळ्यांची खोकी मोजून सकाळी परीक्षेला बसलेला मुलगा माझ्या वर्गात होता. दिवसा शिकवणी लावलेल्या मुलाला जो पेपर असतो, तोच त्यालाही होता.

सतरा वर्षं मी हे पाहत होते आणि त्याला मुलांचं नशीब किंवा घरची परिस्थिती म्हणत होते. या वेळांबद्दल कायद्याचं काही म्हणणं असू शकेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

१९८६च्या बालकामगार कायद्यातली दुरुस्ती १ सप्टेंबर २०१६ पासून लागू झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला आता कुठल्याच कामावर ठेवता येणार नाही, अपवाद फक्त शाळेचा वेळ सोडून घरच्यांना केलेल्या मदतीचा आणि बालकलाकारांचा, अशी बातमी आली होती. शिक्षकखोलीत एका सहकाऱ्याने कात्रण दाखवलं. सगळ्यांनी चांगलं झालं म्हटलं. पण माझ्या वर्गात चौदाच्या आतलं एकही मूल नव्हतं. सगळी चौदा ते अठरामधली, एक-दोन त्यापुढची. त्यांचं काय, म्हणून मी मूळ कायदा मिळवून वाचला आणि सातव्या कलमापाशी थांबले.

चौदा ते अठरा वयाच्या मुलांना कायद्याने आता किशोरवयीन कामगार असं नाव दिलं होतं. खाणी, स्फोटकं, ज्वालाग्राही पदार्थ आणि धोक्याच्या प्रक्रिया त्यांना पूर्ण बंद. बाकीची कामं करता येतात, पण त्यांना वेळेचं कुंपण आहे. सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही. तीन तासांनंतर किमान एक तास विश्रांती. ती विश्रांती धरून दिवसाचे एकूण सहाच तास, आणि काम येईपर्यंत नुसतं बसून राहण्याचा वेळही त्या सहांतच मोजायचा. संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळात काम नाही. ओव्हरटाइम नाही. एका जागी काम केल्यावर त्याच दिवशी दुसऱ्या जागी काम नाही. आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी. मालकाने रजिस्टर ठेवायचं, त्यात मुलाचं नाव, जन्मतारीख, कामाचे तास आणि विश्रांतीची वेळ लिहायची. दुकानात माणसं किती आहेत याची अट नाही. एकाच मुलाला ठेवणाऱ्यालाही हे सगळं लागू.

यातली बहुतेक कलमं १९८६ पासून कायद्यात होती, पण ती चौदाच्या आतल्या मुलांसाठी होती, कारण तेव्हा त्यांना काही कामं करायची मुभा होती. २०१६मध्ये लहानांचं काम बंद झालं आणि तीच चौकट त्यांच्या मोठ्या भावंडांच्या नावावर आली. हे मात्र कुणी मोठ्याने सांगितलं नाही. बालकामगार हा शब्द आपल्याकडे भाजीवाल्यालाही माहीत आहे. किशोरवयीन कामगार हा शब्द मी त्यानंतर पाच वर्षं पालकांच्या, मालकांच्या आणि शिक्षकांच्या तोंडून ऐकण्याची वाट पाहिली. एकदाही ऐकला नाही.

माझ्या मते याचं कारण चौदा या आकड्यात आहे. संविधानाचा चोविसावा अनुच्छेद चौदाच्या आतल्या मुलाला कारखान्यात, खाणीत, धोक्याच्या कामात ठेवू देत नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षणहक्क कायदाही सहा ते चौदा वयासाठीच आहे. सगळी दारं एकाच वाढदिवसाला बंद होतात. आठवी संपते, मोफत आणि सक्तीचं शिक्षण संपतं, आणि त्याच वयात मूल कामावर ठेवण्याजोगं होतं. पुढची चार वर्षं त्याच्याकडे कुणी पाहत नाही. माझा वर्ग म्हणजे ती चार वर्षं.

आठवी ते दहावीच्या गणितात काळ, काम, वेग मुलांना कायम अवघड जातं. अमुक मजूर, तमुक दिवस, पाण्याची टाकी, दोन नळ. २०१७च्या ऑगस्टमध्ये मी तो धडा पुस्तकातून शिकवलाच नाही. मुलांना म्हटलं, आपापला कालचा दिवस लिहा. किती वाजता उठलात, कामाला कधी लागलात, किती वेळ बसलात, जेवलात किती वेळ, सुटलात कधी. फक्त आकडे, शुद्धलेखन तपासणार नाही.

त्या पानांतलं एक मला अजून तोंडपाठ आहे. हजेरीपटावर सव्विसावा असलेल्या मुलाचं. त्याचं नाव लिहीत नाही, तो आता मोठा माणूस आहे. साडेपाचला उठून नळावर नंबर. सात ते आठ खोलीतल्या लोकांचं पाणी भरणं. सव्वानऊला दुकान, शटर वर, झाडू. दहापासून माल. दोन वाजता जेवण, वीस मिनिटं, पोटमाळ्यावर. मग पुन्हा माल, मध्ये दोनदा टेम्पो भरणं. सव्वासहाला "शाळा आहे" म्हणून शेठची परवानगी, पण गिऱ्हाईक असलं तर पावणेसात. शाळा. साडेनऊला परत दुकानात हिशेबाची खोकी आवरायला. साडेदहाला खोली. त्याने खाली बेरीज करून लिहिलं होतं, "एकूण काम १० तास, चुकत असेल तर बाईंनी दुरुस्त करावे."

मी सगळ्यांच्या बेरजा फळ्यावर लिहिल्या आणि बाजूला कायद्याचे सहा तास लिहिले. वर्ग शांत झाला. मग मागून प्रश्न आला, "बाई, मग पगारही सहा तासांचाच का?"

मला उत्तर देता आलं नाही. कायद्यात तास आहेत. त्या तासांनी पगारात जो खड्डा पडेल तो कुणी भरायचा, हे त्यात कुठेच नाही. बालकलाकारांसाठी २०१७च्या नियमांत मात्र तरतूद आहे. दिवसाला पाच तासांची मर्यादा आहे, आणि मुलाच्या कमाईचा किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेव म्हणून ठेवायचा. मुलाच्या उद्याचा विचार करायचा तर कसा करता येतो, हे नियम लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं. तो विचार दुकानातल्या मुलापर्यंत यायला हवा होता, असं मला आजही तळमळून वाटतं.

त्याच आठवड्यात आम्ही एक आलेख काढला. १८८१चा आपल्या देशातला पहिला कारखाना कायदा. सात वर्षांखाली काम बंद, सात ते बारा वयाच्या मुलाला दिवसाला नऊ तास. मी "सात वर्षं" म्हटल्यावर मुलींपैकी एकीने "बाई, माझी बहीण सातची आहे" असं म्हटलं आणि पेन्सिल खाली ठेवली. १८९१मध्ये वय नऊवर आलं, तास सातवर. १९११ला कापडगिरण्यांत सहा. १९३४ला पाच. १९४८ला किमान वय चौदा आणि तास साडेचार. आलेखकागदावर रेघ पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेली. "शून्यावर कधी आली?" असं सव्विसाव्याने विचारलं. मी म्हटलं, चौदाच्या आतल्यांसाठी २०१६मध्ये. त्याने बोटांवर मोजून सांगितलं, "एकशे पस्तीस वर्षं."

मग मी त्यांना नारायण मेघाजी लोखंडे यांच्याबद्दल सांगितलं. याच मुंबईत, गिरणीत काम केलेला, जोतीराव फुल्यांचा हा सहकारी. गिरणीकामगारांच्या सभा भरवून, हजारो सह्यांची निवेदनं देऊन त्यांनी साप्ताहिक सुट्टी मागितली, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मागितली, पगार वेळेवर मागितला. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार कुणीतरी मागून मिळवलेला आहे, हे मुलांना खरं वाटेना. तो आकाशातून पडतो असंच त्यांना वाटत होतं. आणि फुल्यांनी १८५५मध्ये पुण्यात स्वतःच्या घरी कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली, हे सांगितलं तेव्हा वर्ग जरा ताठ बसला. आपली शाळा कुणाच्या घरातून निघाली आहे ते त्यांना पहिल्यांदा कळत होतं.

त्या आठवड्यात मी फार भारावलेली होते. आणि भारावलेल्या माणसाकडून जे होतं ते माझ्याकडून झालं.

सव्विसाव्याला सलग चार दिवस उशीर झाला. पाचव्या दिवशी दुपारी, त्याला न सांगता, मी त्याच्या दुकानात गेले. घाऊक मालाचं दुकान, अरुंद, आत खोलवर गेलेलं. शेठ भला माणूस होता. मला खुर्ची दिली. "मॅडमना चहा आण" म्हणाला, आणि चहा घेऊन आला तो सव्विसावाच. मला पाहून त्याचा चेहरा उतरला. तो उतरलेला चेहरा मी पाहिला, तरी थांबले नाही. सातवं कलम काढलं, खुणा केलेला कागद शेठपुढे ठेवला आणि सहा तास, एक तास विश्रांती, सातनंतर काम नाही, रजिस्टर, सगळं सांगितलं.

शेठने पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाला, "तुम्ही म्हणता ते खोटं नाही. मी पण तेराव्या वर्षी गावाहून आलो, याच पोटमाळ्यावर झोपलो. पण दुकान साडेनऊला उघडतं आणि रात्री नऊला बंद होतं. पाच तासांचा पोरगा मी कुठे बसवू?" मग शांतपणे विचारलं, "आणि नाही पाळलं तर काय होतं?" मी खरं तेच सांगितलं. चौदाच्या आतलं मूल ठेवलं तर सहा महिने ते दोन वर्षं कैद, वीस ते पन्नास हजार दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. किशोरवयीन मुलाचे तास मोडले तर एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. दुसरा आकडा सांगताना माझा मलाच आवाज हलका वाटला. शेठने मान डोलावली. कागद ठेवून घेतला.

तिसऱ्या दिवशी सव्विसाव्याचा हिशेब झाला. चौदा दिवसांचा पगार, एक रुपया बुडवला नाही. आधी घेतलेली पाचशेची उचलही सोडून दिली. "अठरा पूर्ण झाले की ये, जागा ठेवतो," असं सांगितलं. त्याच्या जागी आला तो बावीस वर्षांचा माणूस, ज्याला कितीही तास थांबवून घेता येतं.

त्यानंतर माझ्या वहीत त्याच्या नावापुढे रेघा आहेत. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. डिसेंबरमध्ये त्याच्या बाकावरच्या मुलाने सांगितलं, "बाई, तो केटररकडे आहे. कधी ठाण्याला, कधी भिवंडीला." कामाची वेळ दुपारी चार ते रात्री दोन-अडीच. एका लग्नाचे साडेतीनशे रुपये. परतताना भांड्यांच्या टेम्पोत झोप. कायद्याने सात ते आठ अशी जी रात्र राखून ठेवली होती, नेमक्या त्या रात्रीत मी त्याला ढकललं होतं.

एका सकाळी मी त्याच्या खोलीवर गेले. खोली म्हणजे त्यांच्या गावमंडळाची. कोकणातल्या कितीतरी गावांच्या अशा खोल्या गिरणगावात होत्या, काही अजून आहेत. गिरणीच्या पाळ्या असताना एकाने उठायचं आणि दुसऱ्याने त्याच चटईवर पडायचं, अशी पद्धत. भिंतीला लागून ट्रंका रचलेल्या, प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात नाव. दोरीवर कपडे. कोपऱ्यात गावच्या देवीची तसबीर आणि मंडळाची लोखंडी पेटी. तो चटईवर भिंतीकडे तोंड करून झोपला होता, हाताला भाजल्याचा डाग. तिथले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "उठवू काय? आत्ता सहाला पडलाय." मी नको म्हटलं. पाऊण तास ट्रंकेवर बसून राहिले.

जागा झाल्यावर तो ओशाळला. उठून पाणी दिलं. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "शेठ वाईट नव्हता, बाई. पगार सात हजार, सात तारखेला द्यायचा. त्यातले चार मी आईला धाडायचो." थोडा थांबला. "तुम्ही कायद्याचं खोटं नाही बोललात. पण आधी मला इचारायला हवं होतं."

या वाक्याचं मी पुढे फार काही केलं आहे असं नाही. ते लक्षात ठेवलं, इतकंच. ज्याच्या तासांसाठी मी भांडायला गेले होते, त्यालाच मी विचारलं नव्हतं. हक्क त्याचा, नोकरी त्याची, चहा घेऊन येताना उतरलेला चेहरा त्याचा, आणि निर्णय मी घेतला होता.

त्या हिवाळ्यात मी एका कामगार अधिकाऱ्यांना भेटले. तळमळीचे गृहस्थ होते, टेबलावर फायलींचा ढीग. त्यांनी मला बराच वेळ दिला. म्हणाले, "तुम्ही तक्रार द्या, मी येईन. चौदाच्या आतलं मूल मिळालं की मला पुढची वाट माहीत आहे. गुन्हा, सुटका, बालकल्याण समिती. सोळाचा मुलगा नियमबाह्य तास काम करताना मिळाला, तर मी शेठवर कारवाई करेन, आणि मुलगा दुसऱ्या दिवशी घरी बसेल. त्याला मी काय देऊ?" त्यांच्याजवळ द्यायला काही नव्हतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. मी त्यांच्यावर रागावून आले नाही. मारहाण होत असेल, पगार अडवून ठेवला असेल, मूल कोंडून ठेवलं असेल, तर मात्र क्षणभरही थांबू नका, मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ लावा, असं त्यांनी बजावलं. तो आकडा तेव्हापासून आमच्या फळ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात आहे. सुविचारासमोर.

मग आम्ही पत्रं लिहायला लागलो. आधी मुलाला विचारायचं, तुझ्या शेठला लिहिलेलं चालेल का, आणि काय मागू? बहुतेक मुलं दोनच गोष्टी सांगायची. सव्वासहाला सोडावं आणि शाळेतून आल्यावर परत कामावर बोलावू नये. दहावीची मुलं तिसरी गोष्ट सांगायची, परीक्षेच्या दिवसांचा खाडा धरू नये. मी ते शाळेच्या छापील कागदावर लिहायचे, मुख्याध्यापकांची सही आणि गोल शिक्का. कायद्याचं कलम शेवटच्या ओळीत, धमकीसारखं वाटू नये अशा बेताने. पत्र मुलगाच घेऊन जायचा. शेठलोकांना शिक्क्याचा मान वाटतो, हे मला तेव्हा कळलं. निम्म्याहून थोडे जास्त शेठ कबूल व्हायचे, निदान वर्षभरापुरते. एकाने तर पत्र चौकटीत लावून गल्ल्यामागे टांगलं.

दिवसाला सहा तास मात्र कुणीच कबूल केले नाहीत. हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण लिहायला हवं. मी कायद्याने दिलेल्या गोष्टींपैकी निम्म्यासुद्धा मागितल्या नाहीत. संध्याकाळ मागितली आणि दुपार सोडून दिली.

मुलींच्या बाबतीत पत्र कुणाला लिहायचं हाच प्रश्न पडायचा. पुढच्या बाकावर बसणारी एक पंधरा वर्षांची मुलगी पाच घरची भांडी-लादी करायची. सकाळी सातला पहिलं घर, संध्याकाळी सहाला पाचवं. एका दिवशी एकाच ठिकाणी काम, असं कलम सांगतं. तिला मी ते वाचून दाखवलं तर तिने विचारलं, "एका घरात एवढा पगार कोण देतं, बाई?" मी कायद्यातली आस्थापनेची व्याख्या पुन्हा काढली. तिच्यात दुकान आहे, कार्यशाळा आहे, शेत आहे, उपाहारगृह आहे, नाट्यगृहसुद्धा आहे. घर हा शब्द मला तिथे दिसला नाही. २००६च्या ऑक्टोबरपासून चौदाच्या आतल्या मुलीला घरकामाला ठेवणं बंद आहे. पंधरा वर्षांच्या मुलीचे तास कोण मोजणार, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. मुलींना घरातून "सातच्या आत ये" असं बजावतात. तिची आई मला म्हणाली, "शाळेतनं यायला दहा वाजतात, तेवढीच भीती वाटते." पाचव्या घरून निघायला पावणेसात व्हायचे, त्याची भीती तिला नव्हती, कारण त्याचे पैसे यायचे. मी त्या माउलीला दोष देत नाही. दहावी झाली ती मुलगी, एकाहत्तर टक्के. मी स्वतः पाचव्या घरच्या बाईंना जाऊन भेटले होते. या वेळी तिला विचारून.

सव्विसावा २०१८च्या जूनमध्ये परत आला. आपणहून. गावमंडळातल्या कुणीतरी त्याला एसी दुरुस्त करणाऱ्याच्या हाताखाली लावलं होतं. मार्च २०२० मध्ये तो दहावीला बसला. त्या वर्षी शेवटचा भूगोलाचा पेपर करोनामुळे रद्द झाला. निकाल लागला तेव्हा शाळा बंद होती, त्यामुळे पेढे त्याने फोनवर दाखवले.

२०२२च्या जुलैमध्ये, पावसात, पावणेसातच्या सुमारास वर्गाच्या दारात तो उभा होता. अंगाला आता गॅस आणि तांब्याच्या पाइपांचा वास. मागे एक किडकिडीत मुलगा, छत्री घट्ट धरून. "चुलतभाऊ. पंधरा चालू आहे. नववीला घ्यायचं." हार्डवेअरच्या दुकानात लागला होता. मी सवयीने विचारलं, किती वाजता सोडतात?

"सहाला," सव्विसावा म्हणाला. "मी गेलो होतो शेठकडे. याला आधी विचारलं, मग गेलो. दुपारी बारा ते सहा. मध्ये एक तास जेवायला. लिहून घेतलंय." खिशातून त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला कागद काढला. वहीचं पान, दोन सह्या. विश्रांतीचा तास वेगळा मांडलेला, सुट्टीचा वार लिहिलेला. त्याने ते कलम पाठ केलं होतं.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी सहा तास कागदावर पाहत होते. "आणि पगार?"

"आठ हजार ठरले होते. शेठने पाच केले."

"मग घरी काय धाडतो हा?"

"ठरलेले चार."

"आणि खोली, जेवण?"

चुलतभाऊ बाकावर बसायला गेला होता. गुडघे कुठे ठेवायचे ते त्याला कळत नव्हतं. सव्विसाव्याने कागद परत पिशवीत घातला, पिशवीची घडी केली. "वरचे तीन मी घालतो, बाई," तो म्हणाला, "दहावी होईपर्यंत."

मी वहीत नव्या नावापुढे वेळ लिहिली. सहा पन्नास.